‘परत पाठवलं’ म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेच्या विमानतळावरून कुणाला परत पाठवलं की ती बातमी त्यांच्या बॅगांच्या आधी सोसायटीत पोचते. मागोमाग सल्ले सुरू होतात: ‘आता दहा वर्षं नाव काढू नका’, ‘पासपोर्ट बदलून टाका’, ‘पाच वर्षं गप्प बसा, मग सगळं आपोआप मोकळं होतं’. यातलं काहीच धड नाही. खरी गडबड ‘परत पाठवलं’ या शब्दांतच आहे, कारण त्यांच्या पोटात दोन अगदी वेगळे प्रकार येतात.

पण त्याआधी ‘व्हिसा तर होता ना!’ या तक्रारीविषयी. व्हिसा फक्त दारापर्यंत नेतो. आत घ्यायचं की नाही आणि किती दिवस राहू द्यायचं, हे सीमेवरचा अधिकारी ठरवतो. सहा महिने राहून गेलेले आजीआजोबा महिन्याभरात पुन्हा दिसले, तर ‘तुमचं घर नक्की कुठे?’ हे तो विचारणारच.

आता ते दोन प्रकार. पहिल्यात अधिकारी तुम्हाला प्रवेशाचा अर्ज मागे घेऊ देतो. तो हक्क नव्हे, त्याची मर्जी. व्हिसा बहुधा रद्द होतो, पण कायद्याने बंदी लागत नाही. दुसरा प्रकार तातडीच्या हकालपट्टीचा. १९९६च्या कायद्याने आलेल्या या अधिकारात न्यायाधीशापुढे न नेता जागेवरच आदेश निघतो आणि पाच वर्षांची बंदी लागते. दुसऱ्यांदा तसंच घडलं तर वीस वर्षांची. पहिल्यात हातात आय-२७५ क्रमांकाचा फॉर्म येतो, दुसऱ्यात आय-८६०. घरी आल्यावर लोक विमान कंपनीशी भांडतात, मुलाला बोल लावतात, पण हा कागद उघडून बघत नाहीत. जबाबाच्या पानांवरही न वाचता सह्या झालेल्या असतात. इंग्रजी समजत नसेल तर तिथे दुभाषा मागता येतो, हे कुणी सांगितलेलं नसतं.

‘बंदी असताना अर्जच करता येत नाही’ हा समज सर्वांत पक्का, आणि चुकीचा. मुदत संपण्याआधी पुन्हा येण्याची परवानगी मागण्याची सोय कायद्यातच आहे. पर्यटक किंवा विद्यार्थी व्हिसासाठी रस्ता वकिलातीतूनच जातो. मुंबईतल्या खिडकीवर नेहमीसारखी मुलाखत होते. बाकी सगळं पटलं तर तिथला अधिकारी शिफारस करतो, आणि निर्णय अमेरिकेच्या सीमा खात्याचं कार्यालय घेतं. मेख ‘बाकी सगळं पटलं तर’ या शब्दांत आहे. तुम्ही भारतात परत याल याची खात्री पटली नाही, तर प्रकरण पुढे जातच नाही, कारण त्या नकाराला माफी नाही. ‘माफी हमखास मिळवून देतो’ म्हणणारे एजंट हे सांगत नाहीत.

सूट देताना काय पाहतात? १९७८च्या एका निकालाने तीन गोष्टी ठरवून दिल्या: माणसाला आत घेतल्याने समाजाला धोका किती, आधीची चूक किती गंभीर, आणि यायचं कारण काय. कारण जीवनमरणाचंच असायला हवं असं नाही, हेही त्याच निकालात आहे. त्यामुळे लेकीच्या बाळंतपणाला जायचं असेल तर खोटं आजारपण रचण्याची काही गरज नाही.

आणि रचलेलं अंगाशी येतं. सांगितलं ‘फिरायला आलो’, आणि फोनमध्ये नोकरीची बोलणी सापडली, तर खोटी माहिती दिल्याचा शेरा बसू शकतो. या शेऱ्याला मुदत नसते. पाच वर्षांची बंदी संपली की वेगळी परवानगी लागत नाही, नवा व्हिसा मात्र लागतोच. पण खोटेपणाचा शेरा तसाच राहतो आणि त्याची माफी वेगळी मागावी लागते.

नवा पासपोर्टही कामाचा नाही. दहाही बोटांचे ठसे त्यांच्याकडे आहेत. व्हिसाच्या अर्जात तर सरळ विचारलेलं असतं: कधी व्हिसा नाकारला होता का, प्रवेश नाकारला होता का, प्रवेशाचा अर्ज मागे घेतला होता का? तिथे ‘नाही’ लिहिणं म्हणजे पाच वर्षांचं दुखणं जन्मभराचं करून घेणं.

मुंबईत व्हिसाच नाकारला, तर त्याला यातलं बहुधा काहीच लागू नाही. परतण्याची खात्री न पटल्याने मिळालेल्या नेहमीच्या नकारामुळे बंदी येत नाही. पुन्हा अर्ज करता येतो. फी तेवढी बुडते.

विमानतळावरचा तो कागद हरवला असेल, तर अमेरिकेच्या माहितीच्या कायद्याखाली स्वतःची नोंद मागवता येते. वकिलाकडे जाण्याआधी ती मागवावी, कारण तो पहिला प्रश्न त्याच कागदाविषयी विचारणार.