दारातली पारख

औंधकरांना कारखान्याची गोष्ट नवी नाही. १९१० साली औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर, बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला आणि तेथून लोखंडी नांगर शेतोशेती गेले. कच्चा फाळ शेतात मोडण्यापेक्षा कारखान्याच्या दारातच मोडलेला बरा, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. संगणकाच्या प्रोग्रॅमलाही हाच न्याय लागतो.

शाळेचा निकाल घ्या. गुण साठवण्याचे काम जावा भाषेतील प्रोग्रॅम करतो; पण गुरुजी ज्या पडद्यावर गुण भरतात, तेथे जावास्क्रिप्ट राबते. दोन्ही भाषा १९९५ साली पुढे आल्या, नावेही सारखी. पण नाते मात्र काही नाही. चौकटीत भरलेला आकडा जावास्क्रिप्टच्या हाती अक्षरे म्हणून येतो. मिळालेले गुण आणि उत्तीर्णतेची मर्यादा, दोन्ही अशी अक्षरे राहिली, तर तुलना शब्दकोशातल्यासारखी होते, म्हणजे पहिले अक्षर आधी. मग ९ हे ३५ पेक्षा मोठे ठरतात आणि १०० लहान! पैकीच्या पैकी गुण मिळवणारे पोर नापास होते.

यावर उपाय म्हणजे छोटी चाचणी. '१०० गुण, मर्यादा ३५. उत्तर उत्तीर्ण आलेच पाहिजे', असे आधीच लिहून ठेवायचे. पण ती चालवायची कोणी? माणूस विसरतो. जावाच्या कामात मेव्हन नावाचा मुकादम असतो. तो आधी भाषांतर करवतो, मग चाचण्या घेतो आणि शेवटी गाठोडे बांधतो. मात्र स्वतःहून तो जावाच्याच चाचण्या घेतो. जावास्क्रिप्टच्या तशाच राहतात.

म्हणून त्याला फ्रंटएंड मेव्हन प्लगिन हा जोडीदार द्यावा. तो ठरवून दिलेल्या आवृत्तीचे नोड आणून बसवतो आणि चाचणीच्या टप्प्यावर जावास्क्रिप्टच्या चाचण्या चालवतो. काम संपताना नोड एक आकडा सांगते. शून्य म्हणजे सर्व ठीक. दुसरा कोणताही आकडा म्हणजे चूक. चूक कळताच मेव्हन थांबतो आणि गाठोडे बांधलेच जात नाही.

एवढे करूनही एकदा मुद्दाम चूक घालून पाहा. काम थांबले, तरच पहारेकरी जागा आहे म्हणायचे. नाहीतर आपण दारात नुसते बुजगावणेच उभे केले!