शिखरजींच्या पायथ्याचा प्रदेश

सम्मेदशिखरजींच्या वंदनेस जाणारी आपली अनेक कुटुंबे पारसनाथ स्थानकावर उतरतात, मधुबनला मुक्काम करतात, पर्वतवंदना करून परततात. वीस तीर्थंकरांच्या निर्वाणाने पावन झालेला हा सुमारे १,३६५ मीटर उंचीचा पर्वत झारखंडचे सर्वोच्च शिखर आहे. मात्र त्याच्या भोवतालच्या प्रदेशाचे आपल्या व्यापाराशी असलेले जुने नाते सहसा ध्यानात येत नाही.

झारखंडला समुद्रकिनारा नाही. छोटा नागपूरच्या पठारावरील या वनमय भूमीची संपत्ती भूगर्भात आहे : झरियाचा दगडी कोळसा, सिंहभूमचे लोहखनिज, कोडरमाचे अभ्रक. पोलादासाठी लागणारा कोळसा आणि लोहखनिज एकमेकांपासून फार दूर नसावेत, हा योग दुर्मीळच. १९०४ मध्ये भूशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी शेजारच्या मयूरभंज संस्थानातील लोहखनिजाची माहिती टाटांना कळविली. १९०७ मध्ये मुंबईत कंपनी स्थापन झाली आणि भारतीय गुंतवणूकदारांनी अल्पावधीत तिचे भांडवल उभे केले. सुवर्णरेखा व खरकाई या नद्यांच्या संगमाजवळील साकची गावी १९१२ मध्ये पोलाद तयार होऊ लागले. १९१९ मध्ये त्या गावाचे जमशेदपूर झाले. स्वातंत्र्यानंतर सिंद्रीचा खत कारखाना, रांचीचा अवजड यंत्रांचा कारखाना आणि बोकारोचा पोलाद प्रकल्प उभे राहिले.

कच्चा माल जेथे निघतो तेथे उद्योग वाढावेत, हा व्यापाराचा साधा हिशेब. येथे तो पूर्णपणे जुळला नाही. १९५० च्या दशकात केंद्र सरकारने पोलादाच्या वाहतूकखर्चाचे समानीकरण केले. देशभर समतोल औद्योगिक वाढ व्हावी, हा त्यामागील हेतू होता. परिणामी जमशेदपूरच्या पोलादाला जमशेदपुरात जो भाव, तोच मुंबईतही पडू लागला. रेल्वेभाड्याचा भार समान वाटला गेल्याने खाणीजवळ असण्याचा लाभ संपला. बंदर, भांडवल व बाजारपेठ आधीच हाताशी असलेल्या मुंबई-पुण्याच्या यंत्रोद्योगाला मात्र त्याचा फायदा झाला. १९९० च्या दशकाच्या आरंभी हे धोरण संपले, तोवर कारखान्यांची ठिकाणे ठरून गेली होती. पूर्वेकडील उद्योग मागे राहण्याचे हे एकमेव कारण नव्हे, पण दुर्लक्ष करावे इतके लहानही नव्हे.

खाणींची किंमत स्थानिकांनी मोजली. झरियातील कोळशाच्या थरांना १९१६ च्या सुमारास लागलेली आग शतकानंतरही धुमसत राहिली. तिच्यामुळे घरे खचली, कुटुंबांना गाव सोडावे लागले. खाणी, धरणे व कारखान्यांसाठी अनेक आदिवासींच्या जमिनी गेल्या. १५ नोव्हेंबर २००० रोजी वेगळे राज्य झाले, तरी त्या मातीतील धनाचा वाटा तेथील माणसाला किती मिळावा, हा प्रश्न सुटलेला नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या पेढ्या लोखंड, यंत्रे, सुटे भाग यांच्या व्यापारावर वाढल्या. त्या जमाखर्चात या प्रदेशाचे नाव कोठे लिहिलेले नसेल, पण देणे आहे. पुढील यात्रेत पर्वत उतरल्यावर मुलांना एक दिवस अधिक द्यावा. जमशेदपूर दाखवावे आणि झरियाची हकीकतही सांगावी.