‘बद्दल’ या शब्दाबद्दल

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांस ‘फॉर’ हा इवलासा शब्द जितका छळतो तितके लांबलचक शब्दहि छळीत नाहींत. अर्थ पहावा तर कोश पानभर उत्तरें देतो. वस्तुतः त्याचा मूळ अर्थ ‘पुढें, समोर’ एवढाच. आपल्या संस्कृतांतील ‘प्र’ आणि ‘पुरः’ हीं त्याचीं दूरचीं भावंडें होत. जो दुसऱ्याच्या पुढें उभा राहिला तो त्याच्या जागीं उभा राहिला. आणि ‘जागीं’ वरून ‘मोबदल्यांत’ या अर्थावर येण्यास भाषेला फार चालावें लागत नाहीं.

आमच्या मराठींत याच मुक्कामावर भेटणारा शब्द म्हणजे ‘बद्दल’. हा मूळचा अरबी, फारशीच्या हातून आलेला. बदल, बदली, मोबदला हे त्याचे सख्खे आप्त. ‘या शेताबद्दल तें शेत दिलें’ असें म्हटलें म्हणजे अदलाबदल झाली, हा त्याचा पहिला अर्थ. बुलढाणा जिल्ह्याकडे तर हा शब्द दफ्तराच्याच वाटेनें रुळला असावा. १५९६ सालीं वऱ्हाड मोगलांकडे गेला, पुढें निजामाकडे, आणि १८५३ सालीं कंपनीच्या कारभाराखालीं आला. म्हणजे मेहकर-मलकापूरच्या जमिनींचे कागद पिढ्यान्‌पिढ्या फारशीच्या सावलींत लिहिले गेले. ‘मले’, ‘तुले’ म्हणणारा तेथील शेतकरी ‘बद्दल’ मात्र पुणेकरासारखेंच म्हणतो.

असल्या शब्दांना बाहेर घालवावें, हा विचार जुना आहे. याच जिल्ह्यांतील सिंदखेड राजा हें जिजाबाईंचें माहेर. त्यांच्या पुत्रानें राजव्यवहारकोश करवून कारभारांतील फारशी नामांस संस्कृत प्रतिशब्द देवविले. नामें बदलतां येतात. पण शब्दयोगी अव्यय हा वाक्याचा सांधा आहे. ‘बद्दल’ काढून ‘विषयीं’ घाला, असें शुद्धिवादी सांगतात. ‘त्याच्याविषयीं ऐकलें’ हें ठीक. किंबहुना आम्हांस तेंच अधिक गोड वाटतें. परंतु ‘चोरीविषयीं शिक्षा झाली’, ‘मदतीविषयीं आभार’ हें कोणाच्या कानास रुचेल? शिक्षा आणि आभार या दोहोंत परतफेड आहे, आणि ती ‘विषयीं’च्या पोटांत मावत नाहीं. माधव जूलियन यांनीं १९३८ सालीं ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून भाषाशुद्धीचा पुरस्कार केला; परंतु अशी सरसकट हकालपट्टी आम्हांस रास्त वाटत नाहीं.

घरांतील मुलें ‘फॉर’पाशीं अडलीं तर त्यांस प्रथम ‘मदतीबद्दल आभार’ हेंच वाक्य इंग्रजींत करावयास सांगावें.