पेडण्याच्या घरातला दुभाषी

गोव्याच्या उत्तर टोकाला, तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांच्या मध्ये, पेडणे महाल वसला आहे. त्याला लागूनच डिचोली. हे दोन्ही मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांच्या हातून १७८१ ते १७८८ या काळात पोर्तुगीजांकडे गेले आणि १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाले. मधल्या पावणेदोनशे वर्षांत सरकारी दप्तर पोर्तुगीज भाषेत चाले. घरची पोथी आणि देवळाचा हिशेब मात्र मराठीतच राहिला. दोहोंच्या मध्ये दुभाषी उभा असे. पोर्तुगीज सरकारात तर त्याचे स्वतंत्र पदच होते. तेव्हा दुभाष्याची किंमत काय, हे तिकडच्या जुन्या घराण्यांना सांगावे लागत नाही.

अशाच एका घरात यंदा एक नवा दुभाषी राहावयास आला. त्याची हकीकत सांगण्याजोगी आहे.

पेडण्याला माझी थोरली बहीण दिलेली आहे. तिच्या मुलाचा, म्हणजे माझ्या भाच्याचा, संगणक दहा वर्षांचा, पण धडधाकट. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार काढून घेतला आणि पुढची विंडोज ११ हे यंत्र स्वीकारीना. दुकानदाराने निकाल दिला, "भंगारात घाला, नवा घ्या." मुलीचे शाळेचे वर्ष, घराची डागडुजी आणि त्यात हा खर्च! तेव्हा डिचोलीला शाळेत शिकवणारा त्याचा मेहुणा म्हणाला, "भावोजी, भंगारात कशाला? लिनक्स घालू."

लिनक्सचा गाभा १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने रचला. फिनलंडात राहून घरी स्वीडिश बोलणाऱ्या अल्पसंख्य समाजातला हा मुलगा. घरची भाषा एक, गावची दुसरी; ही अवस्था आपल्या बडोद्यातील मराठी कुटुंबांना परकी वाटणार नाही. लिनक्स वापरायला पैसे पडत नाहीत आणि ते जुन्या यंत्रावरही बऱ्यापैकी चालते. गोव्याला ते नवखे नाही. या शतकाच्या आरंभी 'गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट' या उपक्रमातून वापरलेले संगणक शाळांना मिळाले, तेव्हा तिथेही लिनक्सच कामी आले होते.

भाच्याने सगळे ऐकून घेतले आणि एकच अट घातली, "मामा, आयजीआय चालला पाहिजे."

चाळिशी ओलांडलेल्या गृहस्थाची ही अट ऐकून बहिणीने कपाळाला हात लावला. पण त्या पिढीला हा खेळ म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. 'प्रोजेक्ट आयजीआय' २००० च्या डिसेंबरात आला. नॉर्वेच्या इनरलूप या मंडळीने तो केला होता. आपल्याकडच्या सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून मुले तो खेळत. भाचाही डिचोलीला तसाच खेळला. टेकडीवरून दुर्बिणीने शत्रूचा तळ न्याहाळायचा आणि पहारेकरी चुकवून एकट्याने आत शिरायचे. मोहिमेच्या मध्यावर डाव राखून ठेवण्याची सोय नाही. गोळी लागली की मोहीम पुन्हा पहिल्यापासून. पुढे पहिल्या पगारातून त्याने या खेळाची अस्सल तबकडी घेतली होती. ती मात्र केवळ विंडोजसाठी.

इथे दुभाषी लागतो. त्याचे नाव वाईन. मद्याशी काही संबंध नाही. १९९३ साली या कामाला आरंभ झाला आणि १.० ही आवृत्ती निघायला २००८ उजाडले. खेळ हा सतत मागण्या करीत असतो: ही फाईल उघड, हे चित्र रंगव, हा आवाज काढ. या मागण्या विंडोजच्या बोलीत असतात. वाईन विंडोजचे सोंग घेत नाही. प्रत्येक मागणी ऐकून ती लिनक्सला समजेल अशी सांगते. बडोदे संस्थानाने १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' काढला, त्यात राज्यकारभाराच्या शब्दांना आठ भाषांतले प्रतिशब्द दिले होते. वाईन हा तसाच कोश, फक्त क्षणाक्षणाला स्वतःची पाने उलटणारा.

कृती सोपी निघाली. मेहुण्याने लिनक्सच्या भांडारातून वाईन उतरवून घेतली. जुने खेळ ३२ बिटांचे, म्हणून तो जोडही घातला. बाहेरून जोडायच्या यंत्रात तबकडी ठेवून तिच्यावरची 'सेटअप' फाईल वाईनकरवी चालवली. वाईनने एका कप्प्यात खोटी 'सी ड्राईव्ह' आधीच मांडून ठेवली होती. खेळ आपण विंडोजच्या घरी आलो असे समजून तिथे बसला. पहिल्या खेपेला पडदा काळा राहिला. वाईनच्या मांडणीत जाऊन खेळाला विंडोज ९८ सांगितले आणि स्वतंत्र चौकटीत उघडले, तेव्हा बर्फाळ डोंगर दिसू लागले. भाचा पहिल्याच तळावर मेला आणि पोट धरून हसला.

या दुभाष्याला सर्व काही जमते असे नाही. जाळ्यावर मिळून खेळायचे काही नवे खेळ लबाडी पकडणारा पहारेकरी बाळगतात. तो लिनक्सला दारातच अडवतो. उलट एक गंमत पाहा. १६ बिटांचे जुने कार्यक्रम आजची ६४ बिटांची विंडोज चालवीत नाही. वाईन चालवू शकते. धन्याने टाकलेली बोली दुभाष्याने जपली.

सांगायचे ते एवढेच. आपण मोल देऊन घेतलेली वस्तू दुसऱ्याच्या पंचांगातल्या तारखेने मृत ठरावी, हे मुकाट्याने मानण्याचे कारण नाही. पेडणे-डिचोलीच्या लोकांनी राज्य बदलले म्हणून आपल्या पोथ्या टाकल्या नाहीत. आज त्या संगणकावर मुलगी दिवसा अभ्यास करते आणि रात्री जेवणे झाल्यावर बाप मोहिमेवर निघतो. नव्या यंत्राचे पैसे घराच्या कौलांवर खर्च झाले.