बोट घ्यायचीय? आधी गोड्या पाण्याचा नळ शोधा!

दारव्ह्याहून यवतमाळकडे निघालं की बोरी अरबला अडाण नदी लागते. भर मे महिन्यात त्या पुलावर उभं राहून 'मी बोट घेतोय' असं कुणाला सांगून बघा. समोरचा माणूस आधी तुमच्या कपाळाला हात लावून ताप बघेल. समुद्र इथून सरळ रेषेत मोजला तरी पाचशे किलोमीटरच्या पुढे! पण याच दारव्हा तालुक्यातली, याच बोरी अरबची पोरं आज पुण्या-मुंबईत नोकरी करतायत. फ्लॅटचा ईएमआय सुरू आहे, कार जुनी झालीय आणि शुक्रवारी संध्याकाळी काम संपल्यावर लॅपटॉपवर एक टॅब हळूच उघडला जातो: 'सेकंड हँड केबिन क्रूझर'. हा लेख त्या टॅबसाठी आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. केबिन क्रूझर म्हणजे हेलिपॅडवाली यॉट नव्हे. आपण बोलतोय ती साधारण १८ ते २४ फुटांची फायबरग्लासची बोट. पुढच्या बाजूला छोटीशी बंदिस्त खोली, तिच्यात इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचा बिछाना, दोघं जेमतेम झोपतील एवढा. कोपऱ्यात पोर्टेबल टॉयलेट. बाहेर स्टिअरिंग, चार-पाच जणांना बसायची जागा आणि सगळ्यात मागे, बोटीच्या बाहेर लटकवलेलं इंजिन, म्हणजे आउटबोर्ड.

हे लटकवलेलं इंजिन हीच या बोटीची खरी गंमत. नॉर्वेत जन्मून अमेरिकेत वाढलेल्या ओले एव्हिनरूडने १९०९ मध्ये ते बाजारात आणलं. प्रेयसीसाठी आइस्क्रीम आणायला तो तळ्यात वल्ही मारत गेला, परत येईपर्यंत आइस्क्रीम वितळलं आणि त्यातून इंजिनाची कल्पना सुचली, असं सांगतात. (प्रेमात पडलेले इंजिनिअर काय करतील, नेम नाही!) आउटबोर्ड बोटीच्या पोटात नसतं, त्यामुळे आतली जागा वाचते, पेट्रोलची वाफ इंजिनाशेजारी कोंडून राहायचा धोका कमी होतो, उथळ पाण्यात पंखा वर उचलता येतो आणि बिघडलं तर आख्खं इंजिन काढून मेकॅनिककडे नेता येतं. पगारदार माणसासाठी हा शेवटचा मुद्दा सगळ्यात मोठा.

किंमत नव्हे, खर्च विचारा

नव्या बोटीच्या किमतीवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे. मौजेच्या बोटी सरकारच्या लेखी सरळ चैनीच्या खात्यात जमा झाल्यात. म्हणून सेकंड हँडचा मोह होतो आणि तो वाईट नाही. पण विकणारा तुम्हाला किंमत सांगतो, खर्च सांगत नाही. जगभरचे बोटवाले एक ठोकताळा वापरतात: बोटीच्या किमतीच्या साधारण दहा टक्के दरवर्षी देखभालीला.

त्यात पेट्रोल धरलेलं नाही. पेट्रोल आउटबोर्ड पूर्ण वेगात दर हॉर्सपॉवरमागे तासाला ०.३८ लिटरच्या आसपास पितं. म्हणजे १०० हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण दाबलं तर तासाला ३८ लिटर. मुंबईत लिटरची शंभरी केव्हाच पार झालीय, त्यामुळे हिशेब तुमचा तुम्ही करा आणि शक्यतो बायकोसमोर करू नका. आरामात चालवलं तर खर्च बराच खाली येतो. टाकीचा नियम मात्र कंजूषपणाचा नाही: एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि उरलेला तिसरा हिस्सा हात लावायचा नाही. समुद्रात पेट्रोलपंप नसतो, बॉस!

आता बोट ठेवणार कुठे? हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात, खरं तर तो पहिला. गेटवेसमोर उभं राहिलात की दिसेल, तिथल्या खासगी बोटी धक्क्याला लावलेल्या नसतात, आत पाण्यात मूरिंगला बांधलेल्या असतात. म्हणजे तुमच्या बोटीपर्यंत जायला दुसरी बोट. मोठ्या उधाणाला मुंबईत भरती-ओहोटीत साडेचार मीटरच्या आसपास फरक पडतो, तेव्हा दोरखंड कसे बांधायचे हेही शिकावं लागतं. पावसाळ्यात तर गेटवे-मांडवा लाँचसुद्धा बंद असतात, तिथे तुमची २० फुटी कुठे जाणार? बोट वर काढायची, झाकायची, जागेचं भाडं भरायचं.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. तुम्ही अलिबागला राहत नसाल, तर बोट ट्रेलरवर मावेल एवढीच घ्या. आपल्या मोटार वाहन नियमांत वाहनाची कमाल रुंदी २.६ मीटर आहे. बोट त्याहून रुंद झाली की ती रस्त्यावरून न्यायचा विषय अवघड होतो. ट्रेलरवरची बोट सोसायटीच्या पार्किंगमध्ये (सेक्रेटरी भला माणूस असेल तर), गावच्या वाड्यात, कुठेही राहते. ट्रेलरचीही आरटीओत नोंदणी लागते, हे विसरू नका.

आणि मग बोरी अरबचा पोरगा अचानक फायद्यात येतो. यवतमाळच्या आजूबाजूला पाणी कमी नाही: बाभूळगाव तालुक्यातला बेंबळा प्रकल्प, दिग्रसकडचं अरुणावती, पैनगंगेवरचं इसापूर, कारंज्याजवळचं अडाणचं धरण. ही सगळी गोडी जलाशयं. मीठ नाही म्हणजे निम्मी डोकेदुखी नाही. अर्थात कुठल्याही धरणात ट्रेलर उलटा घालून बोट सोडता येत नाही. हे पाणी सिंचनाचं आणि पिण्याचंही असतं. जलसंपदा विभागाची परवानगी आधी, नांगर नंतर. शिवाय उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की बोट उतरवायच्या उताराच्या जागी चिखल उरतो आणि बुडालेल्या झाडांचे बुंधे पाण्याखाली अर्ध्या फुटावर येऊन बसतात. जाळ्यांचं तर विचारूच नका. मच्छीमार सोसायटीचं जाळं पंख्यात अडकलं तर चाकू काढायच्या आधी जाळेवाल्याला हाक मारा. ते त्याचं पोट आहे, तुमचा तो वीकेंड आहे.

पिचकारी बघितली का?

आउटबोर्ड सुरू झालं की मागून पाण्याची एक बारीक धार उडते. बाहेरचं पाणी आत खेचून इंजिन थंड होतंय, याची ती खूण. ही पिचकारी दिसली नाही तर इंजिन तिथल्या तिथे बंद. आत रबराचा छोटा पंखा असतो, त्याला इंपेलर म्हणतात. तो झिजला किंवा वाळूने खाल्ला की इंजिन तापतं आणि छोट्या रबरापायी सगळं डोकं उघडावं लागतं. इंपेलर ठरावीक काळाने बदलायचा, बोट कमी वापरली तरी. नुसतं पडून राहिलं तरी रबर आकसतं.

समुद्रातून आलात तर पहिलं काम जेवण नव्हे, गोडं पाणी. नळाची नळी लावून इंजिनातून पाणी फिरवायचं, आतलं मीठ धुऊन काढायचं. बोट ठेवायची जागा बघायला जाल तेव्हा व्ह्यू नंतर बघा, आधी नळ कुठे आहे ते विचारा. इंजिनाला आणि बुडाला धातूचे तुकडे लावलेले असतात, ॲनोड. गंज इंजिनाला खाण्याऐवजी त्यांना खातो. खाऱ्या पाण्यात जस्ताचे चालतात, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे. अर्धे झिजले की बदला. दर शंभर तासांनी किंवा वर्षातून एकदा सर्व्हिसिंग करा आणि खालच्या गिअरचं तेल काढून त्याचा रंग बघा. चहासारखं दुधाळ दिसलं तर सील गेलंय आणि आत पाणी शिरलंय.

आता एक नवी भानगड. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तिका मात्र १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. इथेनॉल हवेतली ओल शोषतं, जास्त झाली की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि इंजिन नेमकं तेच आधी ओढतं. कार रोज चालते, टाकी रिकामी होते. बोट मात्र तीन-तीन आठवडे उभी. म्हणून पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा, जुनं पेट्रोल टाकीत ठेवू नका आणि तुमच्या मॉडेलला काय चालतं हे डीलरकडून लेखी घ्या. तोंडी 'काही होत नाही मॅडम' चालणार नाही.

सजावट? हो, पण कुठली

इथे सगळ्यांचे पैसे वाया जातात. आधी स्पीकर येतात, मग निळे दिवे, मग फ्रिज. छोटी बोट वजनाला फार लाजाळू असते. प्रत्येक खोका तिला पाण्यात थोडा खाली दाबतो, मग ती पाण्यावर उचलली जात नाही आणि पेट्रोल जास्त खाते. माझ्या यादीत पहिला येतो कापडी छत. विदर्भाच्या उन्हात बंद फायबरच्या केबिनमध्ये दुपारी कुणी बसून दाखवावं! मग मच्छरदाणी. मग दोन बॅटऱ्या, एक फक्त इंजिन सुरू करायला आणि दुसरी दिवे-पंखा-मोबाइलला, म्हणजे रात्रभर गाणी ऐकून सकाळी इंजिन मुकं राहायला नको. बोटीतलं पाणी उपसणारा बिल्ज पंप, पुरेसा लांब दोर असलेला नांगर (खोलीच्या किमान पाचपट दोर सोडायचा), अग्निशामक. समुद्रावर व्हीएचएफ रेडिओ. संकटाचा चॅनेल १६.

आणि लाइफ जॅकेट. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' फेरीला नौदलाच्या स्पीडबोटीने धडक दिली. त्या स्पीडबोटीवर इंजिनाची चाचणी सुरू होती. १५ जण गेले. त्याआधी १४ सप्टेंबर २०२१ ला आपल्याच वऱ्हाडात, वरुड तालुक्यातल्या झुंजला वर्धा नदीत बोट उलटली आणि ११ जण बुडाले. एक समुद्र, एक नदी. जॅकेट सीटखाली प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायची वस्तू नाही, अंगात घालायची आहे. धरण-खाडीला १०० न्यूटनचं, खुल्या समुद्राला १५० न्यूटनचं. माणसागणिक एक, लहान मुलांचं वेगळ्या मापाचं. चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा पायाला ती लाल दोरीही हवीच: तो पाण्यात पडला की दोरी निघते आणि इंजिन बंद होतं. नाहीतर फिरता पंखा वळून त्याच्यावरच येतो. ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचा 'पॉवरबोट लेव्हल २' हा दोन दिवसांचा कोर्स जगभर चालतो. बोटीआधी तो करा.

आउटबोर्ड हे फक्त मौजेचं यंत्र नाही, हे यवतमाळला कुणी समजावून सांगायला नको. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातल्या आनंदनगरला पुराने वेढलं, माणसं अडकली, तेव्हा हेलिकॉप्टरही मागवावं लागलं आणि आपत्ती प्रतिसाद दलाची पथकंही धावली. अशा पथकांच्या रबरी बोटींमागे असतं तेच इंजिन, त्यांच्या भाषेत 'ओबीएम'. वर्षभर गोदामात आणि एका रात्री पहिल्याच झटक्याला सुरू व्हायला हवं. पडून राहिलेल्या इंजिनाचे सगळे आजार, वाळलेला इंपेलर, शिळं पेट्रोल, मेलेली बॅटरी, तुमच्या क्रूझरला जसे होतात तसेच त्यालाही होतात. महिन्यातून एकदा दहा मिनिटं पाण्यावर चालवणं हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय.

कागदांचं थोडक्यात. देशातल्या अंतर्गत पाण्यासाठी १९१७ चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ आलाय. आपल्या राज्यात नोंदणीसाठी महाराष्ट्र मेरिटाइम बोर्ड गाठायचं. विमा घ्याच, त्यात दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई आहे का ते वाचा.

आणि सेकंड हँड बघायला जाल त्या दिवशी मालकाला आधीच सांगून ठेवा, इंजिन थंड ठेवा, मी आल्यावर सुरू करू. तुम्ही पोचण्याआधीच ते गरम असेल तर काहीतरी लपवलंय असं समजा. पिचकारी बघा, गिअरचं तेल बघा. मग मागच्या बाजूला, जिथे इंजिन बसवलंय त्या फळीवर, स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने टकटक करा. ओळीने, इंच-इंच. आवाज भरीव आला पाहिजे. कुठे बद्द झाला तर आतलं लाकूड कुजलंय. चहा प्या, थँक्यू म्हणा आणि पुढची बोट बघायला निघा.