साखर केव्हा मोजली?

समजा, एका गृहस्थांचे मूत्रपिंडरोपण झाले आहे. त्यांना पूर्वी मधुमेह नव्हता. शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी त्यांच्या रक्तातली साखर १०० मिलिलिटरमागे ९४ मिलिग्रॅम भरली. घरची मंडळी निश्चिंत झाली. त्याच दिवशी दुपारी चार वाजता मात्र ती २४० निघाली. तपासणीत चूक झाली का? नाही. दोन्ही आकडे बरोबर असू शकतात. कसे ते पाहू.

डिसेंबर १९५४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरात डॉ. जोसेफ मरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिले यशस्वी मूत्रपिंडरोपण केले. मूत्रपिंड देणारा आणि घेणारा हे एकसारखे जुळे भाऊ होते. त्यामुळे शरीराने नव्या अवयवाला परके मानले नाही. एरवी आपली प्रतिकारशक्ती परक्या पेशी ओळखून त्यांच्यावर हल्ला करते. तिला आवरण्यासाठी रुग्णाला कायम औषधे घ्यावी लागतात. त्यांतील दोन औषधे साखर वाढवतात.

पहिले औषध म्हणजे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. त्याच्यामुळे यकृत जास्त ग्लुकोज तयार करते आणि स्नायू इन्शुलिनला पुरेशी दाद देत नाहीत. ही गोळी बहुधा सकाळी देतात. तिच्यामुळे साखर दुपारपासून संध्याकाळपर्यंत चढलेली असते व रात्रीतून उतरते. सकाळच्या तपासणीत ती सापडत नाही, ती यामुळेच!

दुसरे औषध टॅक्रोलिमस. जपानमधील त्सुकुबा भागातल्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून १९८४ मध्ये ते मिळाले. प्रतिकार करणाऱ्या टी-पेशींमधले कॅल्सिन्युरिन नावाचे विकर ते रोखते. पण हेच विकर स्वादुपिंडातील बीटा पेशींनाही लागते. ते अडले की तिथे इन्शुलिन कमी तयार होते. म्हणजे एका औषधाने इन्शुलिनची गरज वाढवली, तर दुसऱ्याने पुरवठा घटवला.

यात मूत्रपिंडाचाही वाटा आहे. निरोगी मूत्रपिंड रक्तातल्या इन्शुलिनचे विघटन करते. ते निकामी झाले, की इन्शुलिन रक्तात जास्त वेळ टिकते. म्हणून आधीपासून मधुमेह असलेल्या रुग्णाला रोपणानंतर बरेचदा जास्त इन्शुलिन टोचावे लागते. नातेवाईक घाबरतात; पण नवे मूत्रपिंड कामाला लागले, हेही त्याचे एक कारण असते.

साखर वाढती राहिली तर जंतुसंसर्गाचा आणि पुढे हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून सुरुवातीच्या दिवसांत साखर दिवसातून अनेकदा मोजतात व गरजेप्रमाणे इन्शुलिन देतात. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए-वन-सी ही तपासणी या काळात फसवी ठरू शकते. रक्त चढवलेले असते, नव्या तांबड्या पेशीही वेगाने तयार होत असतात. मग सरासरी कोणाची काढायची? पुढे स्टेरॉइडची मात्रा उतरते, तसे इन्शुलिनही कमी करावे लागते. नाहीतर साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरते. कित्येकांची साखर काही आठवड्यांत आपोआप ताळ्यावर येते. त्यामुळेच रुग्ण घरी जाऊन औषधांची मात्रा स्थिरावेपर्यंत त्याच्यावर मधुमेहाचा कायमचा शिक्का मारू नये, असे तज्ज्ञांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत सुचवले.

मग साखर वाढवणारी ही औषधेच बंद का करू नयेत? कारण ती बंद केली, तर शरीर नवा अवयव नाकारील. मात्रा बदलायची की औषध, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. रुग्णाने किंवा नातेवाइकांनी मनाने एकही गोळी वगळू नये.

वर्गात एक गोष्ट करून पाहता येईल. सकाळी सातला ९४, अकराला १५०, दुपारी चारला २४०, रात्री दहाला १६० हे कल्पित आकडे देऊन विद्यार्थ्यांना आलेख काढायला सांगा. मग पहिला बिंदू सोडून बाकीचे झाका आणि विचारा, "या माणसाची साखर कशी आहे?" मोजमाप अचूक असले तरी ते केव्हा घेतले हे विचारावे लागते, हे त्यांच्या लगेच ध्यानात येईल.