तटाआडचे बुऱ्हाणपूर

तापीकाठचे बुऱ्हाणपूर पाहावयास गेलेला मराठी प्रवासी शाही किल्ला, जामा मशीद आणि कुंडी भंडारा पाहून परततो. शनवारा दरवाजाखालून तो जातो खरा, परंतु हा तट कोणाच्या भयाने उभा राहिला, हा प्रश्न त्याच्या मनास क्वचितच शिवतो. १६८१ साली संभाजी महाराजांच्या फौजेने शहराबाहेरचे बहादूरपुरा लुटले. ती हकीकत आपण अभिमानाने वाचतो. लुटल्या गेलेल्या पेठेच्या बाजूने ती वाचण्याचा प्रसंग आपल्यावर येत नाही. पुढे १७३१ मध्ये निजामुल्मुल्क असफजाहाने शहरास तट घातला. १७६० मध्ये उदगीरच्या विजयानंतर बुऱ्हाणपूर व असीरगड पेशव्यांकडे आले आणि कालांतराने शिंद्यांच्या ताब्यात गेले. ज्यांच्या धास्तीने दरवाजे मिटत, तेच आता दरवाजांचे धनी झाले.

परंतु धनी असणे वेगळे आणि रक्षण करणे वेगळे. ऑक्टोबर १८०३ मध्ये, असईच्या लढाईनंतर काही आठवड्यांतच, कर्नल स्टीव्हन्सनच्या इंग्रजी फौजेने शहर आणि गड दोन्ही घेतले. डिसेंबरअखेरच्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने ते शिंद्यांना परत मिळाले. कागदावर सारे पूर्ववत झाले; रयतेची घडी मात्र विस्कटली ती विस्कटलीच.

याचे कारण शौर्याच्या अभावात नव्हे, तर रिकाम्या खजिन्यात शोधावे लागते. सैन्याचा पगार महिनोन्‌महिने थके. मग सरकार एखाद्या परगण्याच्या वसुलावर वरात देई आणि शिपाई स्वतःच ती वसूल करावयास गावात उतरत. आज एक पथक येई, उद्या दुसरे. पेंढाऱ्यांना तर पगार असा नव्हताच. लूट हेच त्यांचे वेतन. गावे ओस पडली, शेते रानात गेली. १८०० ते १८१८ हा काळ निमाडात पुढे कित्येक वर्षे संकटाचा काळ म्हणूनच ओळखला जाई.

खुद्द पेशवेही या थकबाकीतून सुटले नाहीत. जून १८१८ मध्ये दुसरे बाजीराव असीरगडाच्या परिसरात माल्कमच्या स्वाधीन झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्याच अरब शिपायांनी पगारासाठी त्यांना घेरले. अखेर माल्कमला मध्यस्थी करावी लागली. ज्याच्या नावाने सातारा ते दिल्ली हुकूम सुटत, त्या घराण्याच्या वारसास आपल्याच पहारेकऱ्यांपासून संरक्षण मागावे लागले!

गडावरही दोन धन्यांचा घोळ होता. नोव्हेंबर १८१७ च्या तहाने शिंद्यांनी असीरगड इंग्रजांकडे सोपविण्याचे मान्य केले होते; किल्लेदार यशवंतराव लाडाने तो सोडला नाही. परागंदा झालेल्या नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांना त्याने आश्रय दिला. अखेर मार्च १८१९ मध्ये इंग्रजांनी वेढा घातला आणि ९ एप्रिलला गड पडला. गडावर दौलतराव शिंद्यांचे पेशव्यास साथ देण्याविषयीचे पत्र सापडले, आणि तेच निमित्त करून इंग्रजांनी गड आपल्याकडे ठेवला. बुऱ्हाणपूर शहर मात्र १८६० पर्यंत शिंद्यांचेच राहिले. वीस किलोमीटरच्या अंतरात दोन निशाणे फडकत होती.

मग शांतता आली कशी? तोफांनी गड पडला, पण वाटा निर्धोक झाल्या त्या उपजीविकेने. शरण आलेल्या पेंढारी सरदारांना जमिनी मिळाल्या. शेजारच्या खानदेशात १८२५ मध्ये जेम्स औट्रमने भिल्लांची पलटण उभारली आणि ज्यांचे भय वाटे त्यांच्याच हाती रखवाली आली. यात परक्या राज्याचा स्वार्थ होता, हे विसरू नये. परंतु उपाय रोगाच्या मुळाशी पोहोचला होता, हेही नाकारता येत नाही.

हा धडा जुना असला तरी शिळा नाही. मे २००३ मध्ये इराक व्यापणाऱ्या अमेरिकी प्रशासनाने तेथील सैन्य एका हुकुमाने बरखास्त केले. लाखो सशस्त्र माणसे बेकार झाली, आणि पुढील अनेक वर्षे त्या देशाने अशांतता भोगली. राजधानी घेण्यास काही आठवडे पुरले. रस्त्यावरची निर्भयता मात्र हाती आली नाही.

त्याच २००३ साली बुऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाले. शनवारा दरवाजा आता रात्री मिटत नाही. पुढल्या खेपेस त्याखालून जाताना क्षणभर थांबावे. निशाण कोणाचे होते हे इतिहास सांगतोच. त्या निशाणाखाली दार उघडे टाकून कोणाला निजता आले, हे आपण विचारावयाचे असते.